वेब ब्राउझर आणि नवी प्रतिमा-स्वरूपे : मान्यतेचा प्रवास व त्याचे परिणाम

सारांश

महाजालावरील चित्र वाचकाच्या पडद्यावर उमटते ते त्याच्या ब्राउझरला त्या चित्राची रचना उलगडता येते म्हणून. जिफ, जेपेग आणि पीएनजी या तीन स्वरूपांनी हे काम दीर्घकाळ केले. २०१० नंतर वेबपी, एव्हिफ आणि जेपेग एक्सएल ही नवी स्वरूपे पुढे आली. त्यांपैकी काहींना सर्व प्रमुख ब्राउझरांनी स्वीकारले, तर काहींना अडवून ठेवले. प्रस्तुत लेखात या स्वीकार-नकाराची प्रक्रिया, तिची कारणे आणि शैक्षणिक संस्थांच्या अंकीय संग्रहांवर होणारे तिचे परिणाम यांचे विवेचन केले आहे. प्रतिमा-स्वरूपाचे भवितव्य केवळ त्याच्या तांत्रिक गुणवत्तेवर ठरत नसून मोजक्या ब्राउझर-निर्मात्यांच्या एकमतावर ठरते, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजशब्द : वेब ब्राउझर, प्रतिमा-स्वरूप, संकोचन, वेबपी, एव्हिफ, जेपेग एक्सएल, अंकीय जतन

१. प्रस्तावना

संकेतस्थळावरून एखादे छायाचित्र उतरवून घ्यावे आणि नेहमीच्या जुन्या सॉफ्टवेअरने ते उघडण्यास नकार द्यावा, हा अनुभव आता नवा राहिलेला नाही. विद्यार्थ्याने मोबाइलवर काढलेले छायाचित्र प्रवेशअर्जाला जोडताना 'ही फाइल स्वीकारार्ह नाही' असा संदेश येणे हेही तसेच परिचित आहे. दोन्ही प्रसंगी चित्र निर्दोष असते. अडचण असते ती त्याच्या स्वरूपाची. चित्र एका भाषेत लिहिलेले असते आणि ते वाचणाऱ्या यंत्रणेला ती भाषा येत नसते.

महाविद्यालयीन अध्यापकांचा या प्रश्नाशी तीन अंगांनी संबंध येतो. संकेतस्थळावर सूचना, अहवाल आणि छायाचित्रे प्रसिद्ध करणारी संस्था म्हणून महाविद्यालय चित्रे निर्माण करते. दुर्मिळ ग्रंथ, हस्तलिखिते व जुनी नियतकालिके स्कॅन करणारे ग्रंथालय म्हणून ते चित्रे जतन करते. आणि मर्यादित इंटरनेट-जोडणी असलेले त्याचे विद्यार्थी ती चित्रे पाहतात. चुकीच्या स्वरूपाची निवड झाल्यास पाहणाऱ्याचा वेळ व पैसा वाया जातो. परंतु त्याहून गंभीर बाब ही की काही वर्षांनी जतन केलेला ठेवाच वाचता न येण्याचा धोका संभवतो. म्हणून ब्राउझरच्या समर्थनाचा हा वरवर तांत्रिक वाटणारा विषय समजून घेणे अगत्याचे ठरते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) प्रतिमा-स्वरूप व ब्राउझरचे समर्थन या संकल्पना स्पष्ट करणे.
२) जुन्या व नव्या स्वरूपांना ब्राउझरांत मिळालेल्या मान्यतेचा क्रमवार आढावा घेणे.
३) मान्यता देण्यास होणाऱ्या विलंबाची कारणे तपासणे.
४) शैक्षणिक संस्थांसाठी व्यवहार्य मार्ग सुचविणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम स्वरूपाच्या माहितीचा आधार घेतला आहे. स्थिर चित्रांच्या स्वरूपांपुरतीच लेखाची व्याप्ती मर्यादित आहे. रेखाकृतींची स्वरूपे व चलच्चित्रे यांचा विचार येथे केलेला नाही.

३. संकल्पनांचे स्पष्टीकरण

अंकीय चित्र म्हणजे चित्रबिंदूंची अर्थात पिक्सेलांची जाळी होय. १२०० गुणिले ८०० पिक्सेलांच्या चित्रात ९,६०,००० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा व निळा या तीन रंगांचा प्रत्येकी एक बाइट धरल्यास हे चित्र २८,८०,००० बाइट जागा व्यापते. एवढा भार प्रत्येक चित्रासाठी पाठवणे परवडणारे नसल्याने माहितीचे संकोचन करावे लागते. संकोचनाचे दोन प्रकार आहेत. हानिरहित संकोचनात मूळ चित्र जसेच्या तसे परत मिळते. हानियुक्त संकोचनात डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील कायमचा गाळला जातो व त्या बदल्यात फाइल पुष्कळ लहान होते.

प्रतिमा-स्वरूप म्हणजे हे संकोचन कसे करावे व फाइलीत कोणती माहिती कोणत्या क्रमाने मांडावी यांचे ठरलेले नियम. प्रत्येक फाइलीच्या आरंभी तिची ओळख पटविणारी खूण असते. उदाहरणार्थ, प्रत्येक पीएनजी फाइलीचे पहिले आठ बाइट १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० हेच असतात. त्यांतील दुसरा, तिसरा व चौथा अंक म्हणजे रोमन लिपीतील 'पी', 'एन', 'जी' ही अक्षरे होत. उर्वरित अंक फाइल पाठवताना बिघडली असल्यास ते तत्काळ लक्षात यावे म्हणून योजलेले आहेत. फाइलीच्या नावापुढील शेपटी बदलल्याने स्वरूप बदलत नाही, हे यावरून स्पष्ट होते. वेबपी फाइलीला 'जेपीजी' असे नाव दिले तरी ती आतून वेबपीच राहते.

ब्राउझर एखाद्या स्वरूपाचे समर्थन करतो याचा अर्थ असा की त्या स्वरूपाची फाइल उलगडून पुन्हा पिक्सेलांची जाळी तयार करणारा प्रोग्राम, अर्थात डिकोडर, त्याच्यात अंतर्भूत असतो. पारदर्शकता, रंगांची अचूकता, चित्र अर्धे पोहोचले असताना त्याची धूसर आवृत्ती दाखवणे अशा अनेक बाबी त्यात येतात. आज बाजारात ब्राउझर अनेक दिसत असले तरी त्यांच्या गाभ्याशी असलेली प्रमुख इंजिने तीनच आहेत : क्रोम, एज व ऑपेरा यांतील ब्लिंक, फायरफॉक्समधील गेको आणि सफारीतील वेबकिट. साहजिकच स्वरूपाच्या मान्यतेचा निर्णयही या तीन इंजिनांच्या चालकांभोवती केंद्रित झाला आहे.

४. पायाभूत स्वरूपे : जिफ, जेपेग आणि पीएनजी

वेबपानात मजकुरासोबत चित्र दाखवण्यासाठी 'आयएमजी' या खुणेचा प्रस्ताव मार्क अँड्रीसन यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये मांडला. ते त्या वेळी मोझाइक या ब्राउझरच्या निर्मितीत गुंतले होते. कोणते स्वरूप वापरावे याची सक्ती या प्रस्तावात नव्हती. ब्राउझरला एखादे स्वरूप न उमगल्यास त्याने आपल्या मताने पर्यायी काही दाखवावे, अशी मोकळीक होती. ही मोकळीक आजतागायत टिकून आहे. एचटीएमएलचे मानक ब्राउझरने कोणत्या प्रतिमा-स्वरूपांचे समर्थन करावे हे सांगतच नाही. म्हणजे ज्या बाबतीत नियम सर्वाधिक आवश्यक वाटावा, तीच बाब मानकाने ब्राउझर-निर्मात्यांवर सोपविलेली आहे. पुढील सर्व इतिहासाचे मूळ येथे आहे.

जिफ हे स्वरूप कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने १९८७ मध्ये आणले. त्यात एका चित्रात फार तर २५६ रंग मावतात. त्यातील एलझेडडब्ल्यू या संकोचनपद्धतीचे पेटंट युनिसिस कंपनीकडे होते. डिसेंबर १९९४ मध्ये जिफ निर्माण करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी परवाना-शुल्काची घोषणा झाली आणि सर्वत्र खळबळ उडाली. त्याची प्रतिक्रिया म्हणून १९९५ मध्ये काही तंत्रज्ञांनी एकत्र येऊन पीएनजी हे पेटंटमुक्त, हानिरहित स्वरूप तयार केले. ऑक्टोबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्याला शिफारस म्हणून मान्यता दिली.

छायाचित्रांसाठी जेपेग हे मानक १९९२ मध्ये मान्य झाले. त्याचा पाया असलेले डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हे गणिती तंत्र बेंगळुरू येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासमवेत १९७४ मध्ये प्रसिद्ध केले होते. जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलांचे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातील स्थूल व सूक्ष्म बदल वेगळे करते आणि सूक्ष्म बदलांची नोंद ढोबळ करून जागा वाचवते.

पीएनजीचा प्रवास येथे विशेष उद्‌बोधक आहे. अंशतः पारदर्शक चित्र हे त्याचे मोठे वैशिष्ट्य होते. परंतु २००१ मध्ये आलेल्या आणि त्या काळी सर्वाधिक वापरात असलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये अशी चित्रे नीट दिसत नसत. पारदर्शक भागी करड्या रंगाची पार्श्वभूमी उमटे. ही त्रुटी २००६ मधील सातव्या आवृत्तीत दूर झाली. मानक १९९६ चे आणि त्याचा निर्धास्त वापर दहा वर्षांनंतरचा. मधल्या काळात संकेतस्थळांचे रचनाकार आडमार्गाने काम भागवत राहिले. एका प्रबळ ब्राउझरचे दुर्लक्ष एखाद्या चांगल्या मानकाला दशकभर कसे रोखू शकते, याचा हा पहिला मोठा धडा होता.

५. दारातच अडलेली स्वरूपे

जेपेगचे उत्तराधिकारी म्हणून २००० मध्ये जेपेग २००० हे मानक प्रसिद्ध झाले. त्याने चौकोनांऐवजी वेव्हलेट या तंत्राचा अवलंब केला. हानियुक्त व हानिरहित अशा दोन्ही पद्धती त्यात होत्या. तरीही प्रमुख ब्राउझरांपैकी केवळ ॲपलच्या सफारीने त्याला आधार दिला. मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर आधारित जेपेग एक्सआर हे २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले व २०११ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ९ मध्ये आले. मात्र अन्य ब्राउझर-निर्मात्यांनी ते स्वीकारले नाही. एका कंपनीचे स्वरूप एकाच ब्राउझरपुरते राहिले आणि त्या ब्राउझरबरोबरच ते मागे पडले.

येथे एक महत्त्वाची बाब नोंदवावयास हवी. ब्राउझरांनी नाकारलेले स्वरूप सर्वत्र निरुपयोगी ठरते असे नाही. जेपेग २००० चा वापर अंकीय चित्रपटगृहांत, वैद्यकीय प्रतिमांत व ग्रंथालयीन संग्रहांत झाला. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या पृष्ठप्रतिमांसाठी ते वापरले. परंतु अशा प्रतिमा सामान्य वाचकापर्यंत पोहोचवताना त्यांचे पुन्हा जेपेगमध्ये रूपांतर करावे लागते. जतनाचे स्वरूप व प्रसारणाचे स्वरूप यांतील हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

६. वेबपी : दशकाची प्रतीक्षा

गूगलने २०१० मध्ये ऑन२ ही चलच्चित्र-तंत्रातील कंपनी ताब्यात घेतली आणि तिच्या व्हीपी८ या तंत्रातील एका स्थिर चौकटीचे संकोचन वेगळे काढून सप्टेंबर २०१० मध्ये वेबपी हे स्वरूप जाहीर केले. यात प्रत्येक चौकोनाची नोंद स्वतंत्रपणे न करता शेजारच्या चौकोनांवरून त्याचे अनुमान केले जाते आणि अनुमान व वास्तव यांतील फरकच साठवला जातो. पुढे त्यात हानिरहित पद्धत, पारदर्शकता व हलती चित्रे यांचीही भर पडली. तुल्य दर्जाच्या जेपेगपेक्षा वेबपी फाइल २५ ते ३४ टक्क्यांनी लहान होते, असे गूगलचे प्रतिपादन आहे.

क्रोमने २०११ मध्येच वेबपीला आधार दिला. परंतु इतरांनी तो दिला नाही. मोझिलाचे म्हणणे असे की नव्या स्वरूपाचा लाभ त्याच्या किमतीच्या मानाने पुरेसा नाही, आणि जुन्या जेपेगमध्येच सुधारणेला वाव आहे. हे दाखवण्यासाठी मोझिलाने २०१४ मध्ये मोझजेपेग हा सुधारित एन्कोडर काढला. त्याने तयार केलेली फाइल लहान असते आणि तरीही कोणताही जुना ब्राउझर ती वाचू शकतो. हा युक्तिवाद दुर्लक्षण्याजोगा नव्हता. २०१३ मध्ये फेसबुकने आपल्या चित्रांसाठी वेबपीचा प्रयोग केला, तेव्हा वापरकर्त्यांनी तक्रारी केल्या. कारण उतरवून घेतलेली चित्रे अन्य सॉफ्टवेअरमध्ये उघडत नव्हती. ब्राउझरबाहेरच्या जगाचीही तयारी लागते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

कोंडी फुटली ती २०१८ नंतर. त्या वर्षी मायक्रोसॉफ्ट एजने, जानेवारी २०१९ मध्ये फायरफॉक्सने (आवृत्ती ६५) आणि सप्टेंबर २०२० मध्ये सफारीने (आवृत्ती १४) वेबपी स्वीकारले. घोषणेपासून सार्वत्रिक मान्यतेपर्यंत दहा वर्षे लागली.

७. एव्हिफ : सहकार्यातून आलेले स्वरूप

सप्टेंबर २०१५ मध्ये ॲमेझॉन, सिस्को, गूगल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला व नेटफ्लिक्स या कंपन्यांनी 'अलायन्स फॉर ओपन मीडिया' या संघटनेची स्थापना केली. परवाना-शुल्काच्या जाचातून मुक्त असे चलच्चित्र-तंत्र घडवणे हा तिचा हेतू होता. तिचे एव्ही१ हे तंत्र २०१८ मध्ये आणि त्यावर आधारित एव्हिफ हे प्रतिमा-स्वरूप फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. यात चित्राचे भाग गरजेनुसार लहानमोठे पाडता येतात. निरभ्र आकाशासाठी मोठा चौकोन, तर झाडाच्या पानांसाठी लहान. रंगाच्या प्रत्येक घटकासाठी १० किंवा १२ बिट वापरता येत असल्याने उजेड-अंधाराच्या सूक्ष्म छटा टिकतात. याच्या उणिवाही आहेत. एव्हिफ फाइल तयार करण्यास अधिक वेळ व संगणकीय शक्ती लागते आणि चित्र पोहोचत असताना टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत जाण्याची जेपेगसारखी सोय त्यात सामान्यतः मिळत नाही.

दोन्ही स्वरूपांच्या मान्यतेचा कालक्रम पुढील तक्त्यात दिला आहे.

तक्ता क्र. १ : प्रमुख ब्राउझरांतील समर्थनाचा आरंभ

| स्वरूप | जाहीर | क्रोम | फायरफॉक्स | सफारी | एज |
|---|---|---|---|---|---|
| वेबपी | २०१० | २०११ | २०१९ | २०२० | २०१८ |
| एव्हिफ | २०१९ | २०२० | २०२१ | २०२२ | २०२४ |

वरील तक्त्यावरून असे दिसून येते की वेबपीला जेथे दहा वर्षे लागली तेथे एव्हिफला साधारण पाच वर्षे पुरली. याचे कारण केवळ तंत्राच्या सरसपणात शोधता येणार नाही. वेबपी एका कंपनीचे अपत्य होते. एव्हिफच्या संघटनेत ब्राउझर-निर्माते आरंभापासूनच सहभागी होते. मात्र संघटनेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एजने, तेही क्रोमचेच इंजिन वापरत असताना, सर्वांत शेवटी एव्हिफ स्वीकारले. इंजिन समान असले तरी कोणता डिकोडर चालू ठेवायचा हा निर्णय प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र असतो, हे यावरून ध्यानात येते.

८. जेपेग एक्सएल : गुणवत्ता असूनही वाद

मूळ जेपेग समितीनेच २०१८ मध्ये नव्या स्वरूपासाठी प्रस्ताव मागवले. गूगल व क्लाउडिनरी या कंपन्यांच्या प्रस्तावांचा मेळ घालून जेपेग एक्सएल आकारास आले आणि २०२२ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. त्याचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य भूतकाळाशी संबंधित आहे. अस्तित्वात असलेली जेपेग फाइल त्यात रूपांतरित केल्यास ती सुमारे २० टक्क्यांनी लहान होते आणि गरज पडल्यास मूळ फाइल बिट न् बिट तशीच परत मिळवता येते. जगभर साठलेल्या जेपेग चित्रांचा विचार करता ही मोलाची सोय आहे. एव्हिफ व वेबपीमध्ये जेपेगचे रूपांतर करताना सामान्यतः पुन्हा काही तपशील गमवावा लागतो.

२०२१ मध्ये क्रोमने प्रायोगिक स्वरूपात याला आधार दिला होता. मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये तो काढून टाकण्याचा निर्णय जाहीर झाला व २०२३ च्या आरंभी त्याची अंमलबजावणी झाली. संबंधित क्षेत्रात पुरेसा रस दिसत नाही, विद्यमान स्वरूपांच्या तुलनेत अतिरिक्त लाभ पुरेसा नाही आणि आधार काढल्याने देखभालीचा भार हलका होतो, अशी कारणे देण्यात आली. या निर्णयावर कडाडून टीका झाली. ज्या कंपनीच्या संशोधकांनी हे स्वरूप घडवण्यात हातभार लावला, तिच्याच ब्राउझरने ते नाकारावे, ही विसंगती टीकाकारांनी दाखवून दिली. शिवाय जे स्वरूप प्रायोगिक पर्यायाआड दडलेले आहे, त्याचा सार्वत्रिक वापर कसा होणार आणि त्यात 'रस' कसा दिसणार, हाही रास्त प्रश्न होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलने सफारी १७ मध्ये जेपेग एक्सएलला आधार दिला. मोझिलाने २०२४ मध्ये रस्ट या स्मृतिसुरक्षित भाषेत लिहिलेला डिकोडर उपलब्ध झाल्यास विचार करण्याची तयारी दर्शविली. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्रोमच्या मागील क्रोमियम प्रकल्पानेही आपला पवित्रा बदलला आणि तशाच सुरक्षित डिकोडरच्या अटीवर हे स्वरूप पुन्हा सामावून घेण्याची तयारी दाखवली. एकदा मिळालेला नकार अंतिमच असतो असे नाही, हे या घटनाक्रमावरून म्हणता येईल.

९. मान्यता देताना ब्राउझर का कचरतात?

ब्राउझर-निर्मात्यांच्या सावधपणामागे केवळ हितसंबंध आहेत असे म्हणणे एकांगी ठरेल. त्यामागील प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) निर्णयाची अपरिवर्तनीयता : एखादे स्वरूप महाजालावर रूढ झाले की त्याचा आधार काढणे जवळजवळ अशक्य होते, कारण तसे केल्यास असंख्य जुनी पाने चित्रहीन होतील. १९८७ चे जिफ आजही प्रत्येक ब्राउझरला सांभाळावे लागते.

(आ) सुरक्षितता : चित्र हा अनोळखी ठिकाणाहून आलेला मजकूर असतो आणि डिकोडर त्यावर आपोआप प्रक्रिया करतो. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपीच्या सामायिक सॉफ्टवेअर-संग्रहात एक गंभीर दोष आढळला. हेतुपुरस्सर बिघडवलेल्या हानिरहित वेबपी चित्रामुळे स्मृतीच्या नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर लिहिले जाऊ शकत होते. ॲपलचा सुरक्षा-विभाग व टोरंटो विद्यापीठातील सिटिझन लॅब यांनी तो निदर्शनास आणला. तोच संग्रह क्रोम, फायरफॉक्स व अन्य अनेक सॉफ्टवेअरांत वापरला जात असल्याने सर्वांना तातडीने दुरुस्त्या प्रसिद्ध कराव्या लागल्या. प्रत्येक नवा डिकोडर हे घराला पाडलेले एक नवे दार असते, हे येथे प्रत्ययास आले. स्मृतिसुरक्षित भाषेचा आग्रह याच अनुभवातून समजतो.

(इ) पेटंट : ॲपलने २०१७ मध्ये आयफोनवर एचईआयसी या स्वरूपात छायाचित्रे साठवण्यास प्रारंभ केला. त्याचा पाया असलेल्या एचईव्हीसी तंत्रावर अनेकांची पेटंटे आहेत. परिणामी सफारीने २०२३ मध्ये ते स्वीकारले तरी अन्य प्रमुख ब्राउझर त्यापासून दूर राहिले. अर्जासोबत जोडलेले आयफोनवरील छायाचित्र नाकारले जाते त्यामागे बहुधा हीच गुंतागुंत असते.

(ई) अद्ययावततेतील विषमता : क्रोम व फायरफॉक्स स्वतंत्रपणे अद्ययावत होतात. आयफोनवरील सफारी मात्र संपूर्ण कार्यप्रणालीबरोबर बदलते. ज्या जुन्या उपकरणांना नवी कार्यप्रणाली मिळत नाही त्यांना नवे स्वरूपही मिळत नाही. म्हणून 'सर्व ब्राउझरांत समर्थन आहे' या विधानाचा अर्थ 'सर्व वाचकांना चित्र दिसते' असा होत नाही.

१०. सहअस्तित्वाची व्यवस्था

सर्व वाचकांचे ब्राउझर कधीच एका पातळीवर नसतात हे गृहीत धरून महाजालाने दोन उपाय विकसित केले आहेत. पहिला उपाय सर्व्हरच्या पातळीवरील आहे. ब्राउझर चित्राची मागणी करताना आपणास कोणती स्वरूपे कळतात हे 'ॲक्सेप्ट' या शीर्षकाखाली कळवतो. सर्व्हर त्यानुसार एव्हिफ, वेबपी किंवा जेपेग प्रत पाठवतो. चित्राचा पत्ता एकच राहतो, प्रत मात्र मागणाऱ्यागणिक बदलते.

दुसरा उपाय पानाच्या लेखनातील आहे. एचटीएमएलमधील 'पिक्चर' या घटकात एकाच चित्राचे अनेक पर्याय क्रमाने देता येतात. ब्राउझर वरून खाली वाचत जातो आणि आपणास कळणारा पहिला पर्याय उचलतो. एकही न कळल्यास शेवटी दिलेले साधे जेपेग वा पीएनजी चित्र दाखवतो. त्यामुळे एव्हिफ प्रथम, वेबपी नंतर व जेपेग शेवटी असा क्रम ठेवणे इष्ट ठरते. यात कोणताही वाचक वंचित राहत नाही आणि अद्ययावत ब्राउझर असलेल्यास कमी भाराचे चित्र मिळते.

११. शैक्षणिक संस्था आणि देवनागरी साहित्य

युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी भारतीय भाषांतील अनेक संकेतस्थळांवर मजकूर चित्ररूपाने दिला जात असे, तर काही ठिकाणी तो विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असे. आज तो फॉन्ट नसल्यास दुसऱ्या प्रकारची पाने निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसतात. जिफ स्वरूपात जतन झालेला मजकूर मात्र आजच्या ब्राउझरातही जसाच्या तसा दिसतो. त्यात शोध घेता येत नाही, पण तो वाचता येतो. ब्राउझरांच्या 'एकदा स्वीकारले की सोडायचे नाही' या वृत्तीचा लाभ येथे दिसतो. मान्यतेला लागणारा विलंब ही या टिकाऊपणाची किंमत आहे, असे म्हणावे लागेल.

देवनागरी पृष्ठांच्या स्कॅन प्रतींबाबत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. छायाचित्रातील हळुवार छटांसाठी रचलेले हानियुक्त संकोचन कागदावरील काळ्या अक्षरांच्या तीक्ष्ण कडांपाशी अडखळते. प्रमाणाबाहेर संकोचन केल्यास शिरोरेषेभोवती पुसट ठिपके उमटतात आणि अनुस्वार, रफार, पायमोडके चिन्ह यांसारखे सूक्ष्म अवयव अस्पष्ट होतात. हस्तलिखिताच्या अभ्यासकासाठी असा एक अनुस्वार पाठभेद ठरू शकतो. शिवाय हानियुक्त वेबपीत रंगाची माहिती निम्म्या तपशिलाने साठवली जात असल्याने लाल शाईतील बारीक अक्षरांची कड फिकी पडते. एकदा गाळलेला तपशील नंतर कोणत्याही स्वरूपात रूपांतर केले तरी परत येत नाही.

या पार्श्वभूमीवर संस्थांना पुढील बाबी सुचविता येतील :
१) स्कॅन केलेली मूळ प्रत टिफ किंवा पीएनजी यांसारख्या हानिरहित व सुप्रस्थापित स्वरूपात जतन करावी आणि संकेतस्थळासाठी तिच्यापासून वेगळी प्रत काढावी.
२) नवे स्वरूप आल्यावर जुन्या हानियुक्त प्रतीचे रूपांतर न करता मूळ प्रतीपासून नवी प्रत तयार करावी.
३) संकेतस्थळावर एव्हिफ अथवा वेबपीसोबत जेपेगचा पर्याय नेहमी उपलब्ध ठेवावा.
४) अर्ज स्वीकारणाऱ्या प्रणालीने विद्यार्थ्याचे चित्र केवळ स्वरूपाच्या कारणावरून नाकारण्याऐवजी ते आपल्या बाजूने रूपांतरित करून घ्यावे.
५) सूचना व परिपत्रके शक्यतो चित्ररूपाने न देता युनिकोड मजकुरात द्यावीत. मजकूर शोधता येतो, दृष्टिबाधित विद्यार्थ्याला पडदा-वाचकाद्वारे ऐकता येतो आणि कोणत्याही चित्रापेक्षा तो हलका असतो.

१२. निष्कर्ष

१) एचटीएमएलचे मानक प्रतिमा-स्वरूपांची सक्ती करीत नसल्याने मान्यतेचा निर्णय प्रत्यक्षात तीन इंजिनांच्या चालकांकडे केंद्रित झाला आहे.
२) स्वरूपाची तांत्रिक सरसता आवश्यक असली तरी पुरेशी नाही. जेपेग २००० व जेपेग एक्सएल यांचा अनुभव हेच सांगतो.
३) एका कंपनीने आणलेल्या स्वरूपापेक्षा अनेकांच्या सहभागातून घडलेले स्वरूप लवकर स्वीकारले जाते.
४) सुरक्षितता व कायमस्वरूपी देखभालीची जबाबदारी ही विलंबाची रास्त कारणे आहेत.
५) जतनाचे स्वरूप व प्रसारणाचे स्वरूप वेगवेगळे ठेवणे हेच संस्थांच्या दृष्टीने सर्वांत हितावह धोरण होय.

समारोप

ब्राउझरांत आज जे स्वरूप नवे म्हणून मिरवते ते उद्या जुने होणार आहे आणि त्याची जागा घेणारे पुन्हा काही वर्षे दारात तिष्ठणार आहे. या बदलांवर महाविद्यालयाचे नियंत्रण नाही. परंतु मूळ प्रत अक्षत राखणे आणि प्रत्येक वाचकाला वाचता येईल असा एक तरी पर्याय देणे या दोन गोष्टी सर्वस्वी संस्थेच्या हाती आहेत. त्या पाळल्या गेल्या तर ब्राउझरांच्या निर्णयांची वाट पाहताना कोणताही ठेवा हरवणार नाही.